उन्हात वाचता येईल असं मराठी पान

वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनच्या गाडीचा नंबर लागायची वाट पाहत उभा असलेला माणूस हाच आपला वाचक, असं धरून चाला. ऑक्टोबरचं ऊन आहे. हातात बेताच्या किमतीचा फोन, त्याच्या काचेला एक तडा. तुमचा ब्लॉग शोधायला तो निघालेला नव्हता. गावच्या व्हॉट्सॲप गटात कुणीतरी लिंक टाकली, म्हणून त्यानं बोट लावलं. नेटवर्कची एक काडी दिसते, मधूनच तीही जाते. एवढ्यात पान उघडलं, अक्षर दिसलं आणि कामाची गोष्ट सापडली तर तो वाचेल. नाहीतर मागं जाईल, आणि पुढच्या वेळी तुमचं नाव दिसलं तरी लिंकला हात लावणार नाही.

ब्लॉग सुरू करणारे बहुतेकजण घरी सावलीत, लॅपटॉपसमोर बसून थीम निवडतात. वर आपोआप सरकणारे फोटो, दोन्ही बाजूंना रकाने, कोपऱ्यात घड्याळ, किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा. मोठ्या पडद्यावर हे भरगच्च वाटतं. फोनवर तेच रकाने एकाखाली एक रचले जातात आणि मूळ लेख कुठं सुरू होतो तेच कळत नाही. मराठी पानाच्या बाबतीत देखणेपणा आणि सोय यांची वाट जवळजवळ एकच आहे: अक्षराला मोकळी जागा द्यायची आणि कामाचं आधी सांगायचं. सजावट त्यानंतर, आणि जमेल तितकी कमी.

पहिली स्क्रीन

समजा तुम्ही रिसोडकडचे आहात, शेती करता, आणि घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण पेरणीआधी कशी तपासायची यावर लिहायचं ठरवलंय. या विषयावरचे किती तरी लेख ‘सोयाबीन हे राज्यातील प्रमुख तेलबिया पीक आहे’ अशा वाक्यानं उघडतात. वाशिम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे सांगायची काय गरज? पुढं सोयाबीनचा इतिहास, त्यातली प्रथिनं, मग उगवणशक्तीची व्याख्या. खरी कृती येईपर्यंत चार वेळा बोट फिरवावं लागतं.

त्याऐवजी बोट न लावता स्क्रीनवर जेवढं दिसतं, तेवढ्यात तीन गोष्टी बसवा. पान कशाचं आहे, उत्तर काय आहे, आणि हे कधी लिहिलंय. शीर्षक: ‘घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण कशी तपासायची’. त्याखाली लगेच: ‘शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि सहा-सात दिवसांनी मोजा. सत्तर किंवा जास्त चांगले कोंब आले, तर एकरी ३० किलो बियाणं पुरेसं आहे.’ त्याखाली बारीक अक्षरात तारीख. एवढं वाचून कुणी पान बंद केलं तरी त्याचं काम झालेलं असतं, आणि असाच माणूस पुन्हा येतो. उत्तर शेवटी ठेवलं की लोक शेवटपर्यंत वाचतात, हा समज चुकीचा आहे. उत्तर मिळालेला माणूस ‘हे नेमकं कसं करायचं’ म्हणून खाली जातो.

खाली कृती लिहिताना एका परिच्छेदात एकच काम सांगा. पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी हात घालून दाणे काढणं हे एक काम. गोणपाट भिजवून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडणं हे दुसरं. गुंडाळी सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडणं हे तिसरं. प्रत्येकाजवळ एक फोटो, तोही जवळून घेतलेला. गोणपाटावरच्या दहा ओळींचा एक फोटो चार वाक्यांचं काम करतो. तुमचा स्वतःचा हात त्यात दिसत असेल तर आणखी छान. इंटरनेटवरून उचललेल्या हिरव्यागार शेताच्या फोटोला कुणी फसत नाही.

मग तक्ता. उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो, ६५ टक्के असेल तर साडेबत्तीस, ६० टक्के असेल तर ३५. म्हणजे एकेक टक्का घटला की अर्धा किलो वाढवायचं. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं पेरायचंच नाही. असा दोन रकान्यांचा तक्ता फोनवर नीट बसतो. चौथा-पाचवा रकाना घातला की तो आडवा सरकवावा लागतो आणि डावीकडचा आकडा नजरेआड होतो. तक्त्याचा फोटो काढून तो चिकटवणं तर टाळाच. फोटोतला आकडा शोधात सापडत नाही, अक्षर मोठं केलं तरी तो मोठा होत नाही, आणि फोन वाचून दाखवत असेल तर तिथं तो गप्प बसतो.

आकडे कुठून घेतले तेही तिथंच लिहा: कृषी विभाग, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, करड्याचं कृषी विज्ञान केंद्र, जे असेल ते. लेखाच्या तळाशी ‘संदर्भ’ म्हणून ढीग रचण्यापेक्षा आकड्याच्या शेजारी अर्धं वाक्य पुरतं. तारीखही याचसाठी हवी. बाजारभाव, अनुदानाची अंतिम मुदत, पीकविम्याचे नियम यांवरचं बिनतारखेचं पान जुनं होऊनही फिरत राहतं आणि एखाद्याचं नुकसान करतं.

अक्षर

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं त्याकडे येऊ. बहुतेक थीम इंग्रजी अक्षर समोर ठेवून रचलेल्या असतात. इंग्रजी अक्षराची धाव वर-खाली ठरलेली आहे. आपल्याकडे डोक्यावर वेलांटी, त्यावर अनुस्वार किंवा रफार, खाली उकार, आणि ‘ट्ट’, ‘द्ध’, ‘ङ्म’ यांसारखी एकावर एक बसलेली जोडाक्षरं. इंग्रजीसाठी पुरणारं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. म्हणून थीममध्ये दोन आकडे बदलायचे. अक्षराचा आकार १८ ते २० पिक्सेल, आणि ओळीची उंची त्याच्या १.६ ते १.८ पट. त्याच मापाच्या इंग्रजी अक्षरापेक्षा देवनागरी अक्षर डोळ्यांना लहान भासतं, त्यामुळे इंग्रजीत चालणारा १६ पिक्सेलचा आकार आपल्याला कमी पडतो.

मोकळ्या जागेची जाण काही नवी नाही. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाड इथल्या जैन मंदिरांच्या शास्त्रभांडारांत शेकडो वर्षांच्या हस्तलिखित पोथ्या जपल्या गेल्या. गेल्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिथलं अपभ्रंश साहित्य उजेडात आणलं. जुन्या जैन पोथ्यांचं पान बघा. दोन्ही बाजूंना रेघा मारून सोडलेला समास, मधोमध कधीकाळी दोरा ओवण्यासाठी ठेवलेली आणि पुढं दोऱ्याशिवायही टिकलेली कोरी जागा, महत्त्वाच्या ठिकाणी लाल शाई. कागद महाग होता, तरी लिपिकारानं काठापर्यंत मजकूर कोंबला नाही. तुमच्या पानाच्या डाव्या-उजव्या बाजूला १६ ते २० पिक्सेल कोरे सोडायला तर दमडीही लागत नाही.

फॉन्ट निवडताना एक सोपी चाचणी करा. ‘वऱ्हाड’ असं टंकून बघा. त्यातला अर्धा र ह च्या डाव्या अंगाला आडव्या चंद्रकोरीसारखा दिसला पाहिजे. तो रफार होऊन ह च्या डोक्यावर चढला, किंवा पाय मोडलेला र वेगळा दिसला, तर आधी तुमचं टंकन तपासा: नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह. टंकन बरोबर असूनही बिघडत असेल तर तो फॉन्ट मराठीसाठी बनलेला नाही, सोडून द्या. सोबत ‘कृषी’, ‘मंगरूळपीर’, ‘ॲप’, ‘शुद्ध’, ‘उद्घाटन’ हेही लिहून पाहा. चंद्र असलेला ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टांत त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटतो.

आता चांगल्या मोफत फॉन्टांची चणचण नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्त’ लांबलचक मजकुरासाठी उत्तम, आणि त्याची सात वजनं (म्हणजे अक्षराच्या जाडीचे प्रकार) मिळतात. त्यांचाच ‘बलू’ शीर्षकाला खेळकरपणा आणतो. मजकुराला मात्र नको, दोन परिच्छेदांत डोळे थकतात. पुस्तकी, जरा भारदस्त वळण हवं असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ पाहा. विंडोजवर वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ हा र. कृ. जोशींनी घडवलेला फॉन्ट. पडदे अगदी भरड होते त्या काळात त्यानं देवनागरी संगणकावर वाचती ठेवली. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

एक हिशेब मात्र लक्षात असू द्या. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड होते, आणि प्रत्येक वजनाची फाइल वेगळी उतरते. साधं आणि ठळक, अशी दोनच वजनं घ्या. त्याहून काटकसर हवी असेल तर फॉन्ट जोडूच नका. अँड्रॉइड फोनमध्ये ‘नोटो’ असतो, आयफोनमध्ये ‘कोहिनूर’. दोन्ही नीटस आहेत आणि एक काडी नेटवर्कवरही लगेच दिसतात.

ब्लॉगच्या सेटिंगमध्ये भाषा ‘मराठी’ निवडा. बरेचजण हे विसरतात. पानाची भाषा इंग्रजी किंवा हिंदी राहिली, तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. भाषा मराठी केली की त्याच फॉन्टात आपल्या पाठ्यपुस्तकातली वळणं येतात. पान वाचून दाखवणाऱ्या फोनलाही त्यावरून कळतं की मराठी आवाज वापरायचा आहे.

तिरपी अक्षरं वापरू नका. देवनागरीची ती परंपरा नाही आणि लहान आकारात ती तुटकी दिसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सोय इंग्रजी शीर्षकांसाठी असते. आपल्याकडे ती वापरली की शिरोरेखेचे तुकडे पडतात. दोन्ही कडा सरळ करायचा मोहही टाळा. मराठीत ‘जिल्हाधिकाऱ्यांच्याकडून’ असे लांब शब्द येतात, आणि फोनच्या अरुंद रकान्यात कडा जुळवताना उरलेल्या शब्दांमध्ये दऱ्या पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, बस्स.

ज्यांच्याकडे जुनं लेखन ‘श्रीलिपी’ किंवा ‘कृतिदेव’सारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत पडून आहे, त्यांनी ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावं. परिवर्तकं मोफत मिळतात, पण त्यांवर डोळे झाकून विसंबू नका. रफार, ऱ्या आणि पहिली वेलांटी या तीन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. जिल्ह्यातल्या छोट्या साप्ताहिकांत, शाळांच्या स्मरणिकांत, देवस्थानांच्या पुस्तिकांत असलं किती तरी लेखन अडकून आहे. ते युनिकोडमध्ये आणणं हेच एखाद्या ब्लॉगचं काम होऊ शकतं.

कुठलं कारंजा?

आपल्या वाशिम जिल्ह्याची एक खास अडचण आहे. आपली गावनावं जोडीनं येतात. कारंजा म्हटलं तर वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगेही आहे. मालेगाव म्हटलं की शोधात पहिलं नाशिक जिल्ह्यातलं येतं. शिरपूर लिहिलं की धुळे जिल्ह्यातलं. आपल्याकडच्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला निघालेला परगावचा भाविक ‘शिरपूरला कसं जावं’ असं शोधून भलत्याच जिल्ह्यात पोचू शकतो. म्हणून शीर्षकात पूर्ण नाव लिहा: कारंजा लाड, मालेगाव जहांगीर, शिरपूर जैन, आणि पहिल्या दोन वाक्यांत वाशिम जिल्हा. ‘वाशिम’ आणि ‘वाशीम’ ही दोन्ही रूपं लोक टंकतात. मजकुरात एकच रूप ठेवा, दुसरं एकदाच कुठंतरी सहज येऊ द्या. पानाच्या डोक्यावर दोन्ही रूपांची माळ लावली की ती केविलवाणी दिसते.

पानाचा पत्ता रोमन लिपीत आणि आखूड असू द्या. देवनागरी शीर्षकावरून वर्डप्रेस जो पत्ता आपोआप बनवतं, तो व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची आणि आकड्यांची चार ओळींची रांग होते. लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. ब्लॉगर तर मराठी शीर्षकाला नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एक आकडा देऊन मोकळं होतं. दोन्हीकडे प्रकाशित करण्याआधी पत्ता स्वतः लिहिता येतो. नंतर मात्र बदलू नका, आधी पाठवलेल्या लिंक तुटतात.

पत्त्यात वर्ष घालू नका. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीला बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. दरवर्षी नवं पान केलं तर तीन वर्षांत तीन पानं होतात आणि लोक जुनंच उघडतात. एकच कायमचं पान ठेवा. दरवर्षी त्यातली तारीख, बससेवा, वाहनतळाची जागा बदला, आणि ‘अमुक तारखेला अद्ययावत’ असं वर लिहा. ज्या फोन क्रमांकावर विचारपूस करायची तो बोट लावताच लागेल असा जोडा. उन्हात, गर्दीत, लेकरू कडेवर घेऊन दहा आकडे कुणी उतरवून घेत नाही.

भाषा कुठली ठेवावी

वऱ्हाडीत लिहावं की प्रमाण मराठीत, हा प्रश्न हटकून येतो. याचं उत्तर वाशिमच्या मातीत निघालेल्या ताम्रपटात आहे असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण गोष्ट सांगण्यासारखी आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. चौथ्या शतकातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथं १९३९ साली सापडला, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचं संपादन केलं. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि कोणतं गाव कुणाला दिलं, त्यांना कोणते हक्क मिळाले, हा व्यवहाराचा भाग प्राकृतात. मिरवायचं ते संस्कृतात, समजायलाच हवं ते लोकांच्या भाषेत. (संस्कृत कवी राजशेखरानं काव्यपुरुष आणि साहित्यविद्या या कल्पित जोडप्याचं लग्न याच वत्सगुल्मात लावून दिलंय. इतका मोठा वारसा असताना इथल्या ब्लॉगांची नावं ‘माय ड्रीम वर्ल्ड’ अशी का असावीत?)

शोधात यावं यासाठी शीर्षक आणि उपशीर्षकं प्रमाण मराठीत ठेवा. लोक टंकताना तीच भाषा वापरतात. आत मात्र आजीच्या तोंडची गोष्ट असेल, रेसिपी असेल, बैलांच्या नावांवरचा लेख असेल, तर वऱ्हाडी मोकळेपणानं येऊ द्या. सरकारी योजनेवर लिहिताना शासन निर्णयातलं वाक्य उचलून ठेवलं की वाचक दुसऱ्यांदा गोंधळतो. ‘विहित नमुन्यात अर्ज सादर करणे अनिवार्य राहील’ याचं ‘छापील अर्ज भरूनच द्यावा लागेल’ असं करायलाच तर तुम्ही बसलात.

रंग

यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, म्हणून थोडक्यात. मजकूर जवळजवळ काळा, पार्श्वभूमी पांढरी किंवा किंचित पिवळसर. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजातला फरक मजकुरासाठी किमान साडेचार पट हवा, असा वेबवरच्या सुलभतेचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो मोजणारी मोफत साधनं आहेत. फिकट राखाडी अक्षरांची फॅशन या मापात नापास होते, आणि पिवळ्यावर भगवं हा देवस्थानांच्या पानांचा लाडका मेळही. फोटोवर मजकूर छापू नका. लिंकसाठी एक ठळक रंग ठरवा आणि तो लिंकशिवाय कुठंही वापरू नका. निळा कंटाळवाणा वाटला तरी तो लिंकचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

फोटो

फोनमधून काढलेला एक फोटो सहज तीन ते पाच एमबीचा असतो. असे दहा फोटो टाकले की पान चाळीस एमबीच्या घरात जातं, आणि आपला बाजार समितीतला माणूस पांढऱ्या स्क्रीनकडे पाहत राहतो. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, वेबपी किंवा जेपेग करून दीडशे-दोनशे केबीपर्यंत दाबा. फोनच्या स्क्रीनवर फरक दिसणारही नाही.

प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर द्यायची जागा असते, ती कोरी सोडू नका. तिथं ‘फोटो १’ किंवा ‘मंदिर’ लिहून भागत नाही. ‘कारंजा लाड इथल्या गुरुमंदिराचं प्रवेशद्वार, सकाळी दर्शनाची रांग’ असं लिहा. नेटवर्क गेल्यावर फोटोच्या जागी हेच वाक्य दिसतं, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकाला फोन हेच वाचून दाखवतो.

लिंक गटात गेली की जो फोटो, शीर्षक आणि ओळ दिसते, तेच खरं तर तुमचं मुखपृष्ठ. त्यासाठी १२०० बाय ६३० पिक्सेलचा आडवा फोटो वेगळा ठेवा आणि महत्त्वाचं ते मधोमध येऊ द्या, कडा कापल्या जातात. तो नेमला नाही तर कधीकधी तुमच्या फोटोऐवजी कुठलं तरी चिन्हच झळकतं.

परवानगीचंही पाहा. देवळाच्या गाभाऱ्यात फोटो चालतो का, ते तिथं विचारा. शाळेच्या कार्यक्रमातल्या मुलांचे चेहरे पालकांना न विचारता टाकू नका. फोटोत जागेचा ठावठिकाणा लपलेला असतो, घरचा किंवा शेताचा फोटो टाकण्याआधी तो काढून टाकायची सोय फोनमध्येच आहे.

मेनू आणि बाकीचं

मेनूत चार-पाच शब्द पुरेत, आणि तेही साधे. ‘शेती’, ‘देवस्थानं आणि यात्रा’, ‘जुनं वाशिम’, ‘माझ्याविषयी’. ‘मनातलं काही’ आणि ‘शब्दगंध’ असे दोन विभाग शेजारी ठेवले तर कशात काय आहे हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शोधाची चौकट वर दिसू द्या. बटणं इतकी मोठी आणि सुटी असावीत की जाड बोटानंही नेमकं तेच दाबलं जाईल. अँड्रॉइडची शिफारस सुमारे ४८ एककांच्या चौकोनाची आहे, म्हणजे जवळपास नऊ मिलिमीटर. पान उघडताच मजकुरावर चढून बसणारी खिडकी, मग ती जाहिरातीची असो वा ‘सूचना मिळवा’ची, काढून टाका. वाचक अजून पहिलं वाक्य वाचतोय, इतक्यात त्याला आमंत्रण कसलं देता?

ब्लॉगर की वर्डप्रेस, यावर फार चर्चा नको. ब्लॉगर फुकट आहे आणि देखभाल मागत नाही. वर्डप्रेसमध्ये हवं तसं वाकवता येतं, पण स्वतःच्या जागेवर चालवलं तर दरवर्षी पैसे आणि सतत अद्ययावत करण्याची कटकट. नव्यानं लिहिणाऱ्यानं ब्लॉगरवर एक रकान्याची साधी थीम घ्यावी आणि वीस-पंचवीस लेख होऊ द्यावेत. त्यानंतर काय हवं ते आपोआप कळतं.

हातात देऊन बघा

पान तयार झालं की घरातल्या, तंत्राशी फारसं देणंघेणं नसलेल्या कुणाच्या तरी हातात त्यांचाच फोन द्या. काकू असोत, शेजारचे बाबासाहेब असोत. अंगणात, दुपारी. ‘यंदाची पोहरादेवीची यात्रा कधी आहे ते यातून शोधा’ किंवा ‘उगवण पासष्ट टक्के आली तर किती बी घ्यायचं ते सांगा’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. बोट कुठं थांबतं, कुठं चुकीच्या जागी पडतं, डोळे कुठं बारीक होतात ते बघा. ‘तिथं नाही, वर बघा’ असं सांगायचा मोह आवरा. तुम्ही प्रत्येक वाचकाच्या शेजारी उभे राहणार नाही. मग फोनचं इंटरनेट मंद करून तेच पुन्हा करायला सांगा. अँड्रॉइड फोनमधलं, स्क्रीन वाचून दाखवणारं ‘टॉकबॅक’ सुरू करून पान ऐकूनही बघा. उपशीर्षकं नुसती ठळक केलेली असतील आणि शीर्षकाचा दर्जा दिलेला नसेल, तर फोन सगळं एका दमात वाचत सुटतो, ते लगेच लक्षात येईल.

दोघं-तिघं एकाच ठिकाणी अडखळले, तर आधी तेवढंच दुरुस्त करा. आणि महिन्यातून एकदा सगळ्या मजकुराची प्रत उतरवून ठेवा. ब्लॉगरमध्ये ती सोय सेटिंगमध्ये आहे, वर्डप्रेसमध्ये साधनांखाली ‘निर्यात’. या प्रतीत फोटो येतीलच असं नाही, कधी फक्त त्यांचे पत्ते येतात. म्हणून मूळ फोटो गावांच्या नावानं फोल्डर करून वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा.